चेक लाइट, पी०१३५ आणि अडकून बसलेला ऑक्सिजन सेन्सर

घाटवळण
मंडळी, गाडी २०१६ ची छोटी पेट्रोल हॅचबॅक, बीएस४, ८७ हजार किमी झालेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादात धागा 'ही गाडी घेतलीतच कशाला' वर जातो. अनुभव आहे.

जुलैत कराडहून चिपळूणला निघालो होतो. कोयनानगर सोडलं आणि कुंभार्ली घाटाच्या अलीकडे डॅशबोर्डवर ते पिवळं इंजिन पेटलं. गाडी मात्र काही बोलेना. पिकअप तोच, आवाज तोच, टेम्परेचर जागेवर. बायकोने विचारलं, हे काय लागलंय? म्हटलं, पावसाने असेल. आमच्याकडे जून ते सप्टेंबर गाडीच्या सगळ्या आजारांना हेच एक कारण पुरतं.

परत आल्यावर जाणवलं की गेला महिनाभर गावातल्या गावात अ‍ॅव्हरेज पडलंय. १५ देणारी गाडी साडेबारावर आली होती. गंमत म्हणजे चिपळूणच्या फेरीत १९ च्या १९. हे कोडं तेव्हा सुटलं नाही, पुढे कुणीतरी समजावेल म्हणून लिहून ठेवतो.

एका सर्व्हिस सेंटरला नेली. स्कॅनर लावला, दोन मिनिटांत निकाल: 'ऑक्सिजन सेन्सर गेलाय.' एस्टिमेट ११,४०० रुपये. त्यात सेन्सर, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजेक्टर क्लीनिंग, लेबर. कोड कुठला आला विचारलं तर 'सर, सेन्सरचाच आहे'. आग्रह केल्यावर कागदावर लिहून दिला: पी०१३५. गाडी तशीच घरी आणली.

पी०१३५ म्हणजे पुढच्या (इंजिनाजवळच्या, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या) सेन्सरच्या हीटरचं सर्किट. सर्किट, सेन्सर नव्हे, हे इथल्याच जुन्या धाग्यांवर वाचलेलं डोक्यात होतं. म्हणून आधी फ्यूज पाहिला, शाबूत होता. सेन्सरचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) सोडवला, चावी ऑन केली, गाडीच्या बाजूच्या पिनवर मल्टीमीटर लावला तर बॅटरीएवढे व्होल्ट येत होते. म्हणजे तिथपर्यंत वायर ठीक. मग सेन्सरच्या बाजूच्या दोन पांढऱ्या वायरींमध्ये ओहम मोजले. मीटर ढिम्म. आतली तारच तुटलेली. आता मात्र खात्री झाली की सेन्सर बदलायचाच. भाग नंबर जुळवून, बिलासकट ३,४५० ला मिळाला.

आणि इथून खरा तमाशा. सेन्सर मनीफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपच्या) तोंडाशी, वर पत्र्याचं हीट शील्ड, आणि आटे जणू वेल्डिंग केल्यासारखे. २२ चा साधा पाना लावला, दोनदा घसरला आणि षटकोनाचे कोपरे झिजायला लागले. तिथेच थांबलो ही त्या दिवशीची एकमेव अक्कल. उरलेलं उद्या लिहितो, पाठ धरली आहे.

चहाबाज
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पाठीला बाम लावा, षटकोनाला लावू नका.

लॅम्ब्डाकाका
घाटवळण, निदान बरोबर केलंत. अ‍ॅव्हरेजचं कोडं मी सोडवतो.

पुढचा सेन्सर झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकचा असतो. एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जितका फरक, तितकं व्होल्टेज तो स्वतःच तयार करतो. मिश्रणात पेट्रोल जास्त झालं की धुरात ऑक्सिजन उरत नाही आणि सेन्सर ०.९ व्होल्टच्या आसपास जातो. पेट्रोल कमी पडलं की ०.१ कडे येतो. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ०.४५ ला मध्य धरून इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी तोटी) थोडा जास्त, थोडा कमी उघडत राहतो. धडधाकट सेन्सरचा आलेख म्हणून सारखा वर-खाली नाचताना दिसतो.

पण हा झिर्कोनिया थंड असताना मुका असतो. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापला की बोलायला लागतो. पूर्वीच्या एक-दोन वायरींच्या सेन्सरना धुराच्याच उष्णतेवर अवलंबून राहावं लागायचं, म्हणून नंतर आत हीटर आला आणि वायरी चार झाल्या. तुमचा हीटर मेला होता, सेन्सर नव्हता. गावात मंडई ते घर, घर ते शाळा अशा दोन-तीन किमीच्या फेऱ्यांत तो नीट तापायच्या आतच गाडी बंद होत असणार. तोवर ईसीयू सेन्सरकडे न बघता ठरावीक, जरा जास्त पेट्रोल देत राहतो. चिपळूणला जाताना पहिल्या काही किमीतच धुराने तो तापला आणि पुढचा सगळा रस्ता नीट काम करत राहिला. म्हणून १९.

ज्यांची गाडी 'हायवेला झकास, गावात पितेय' अशी आहे त्यांनी ही खूण लक्षात ठेवा. अर्थात टायरमधली हवा आधी बघा. 😀

उसाचाफड
लॅम्ब्डाकाका, दंडवत.

आमच्याकडे सांगली भागात पी०१३५ चं एक नंबरचं कारण वेगळंच आहे. उंदीर! ऊसतोड सुरू झाली की फडातले सगळे उंदीर घरात, गोठ्यात आणि बोनेटखाली. माझ्या गाडीचा कपलरच्या मागचा चार बोटं वायरिंगचा भाग खाल्ला होता. दोन वायरी एकमेकींना चिकटून हीटरचा फ्यूज उडाला. मेस्त्रीने न बघता सेन्सर बदलला, नवा फ्यूज टाकला, तोही उडाला. मग दुसरा सेन्सर आणायला निघाला होता! मी म्हटलं, बाबा, जरा खाली वाकून बघ.

घाटवळण
आज बसवला! सविस्तर लिहितो, पुढच्याला उपयोग होईल.

काल रात्री आट्यांच्या मुळाशी गंज सोडवायचा स्प्रे तीनदा मारून ठेवला होता. सकाळी हार्डवेअर गल्लीतून ऑक्सिजन सेन्सरचा खास सॉकेट आणला, ७०० रुपये. त्याला एका अंगाने उभी खाच असते, त्यातून सेन्सरची वायर बाहेर येते. हे कळायच्या आधी जुन्या सेन्सरची वायर कापून साधा रिंग पाना घालायचं मनात होतं. एका अर्थी तेही चालतं, जुना फेकायचाच आहे. पण तो निघालाच नाही तर गाडी सेन्सरशिवाय दारात उभी राहणार, म्हणून कापली नाही.

इंजिन पाच मिनिटं चालवलं, बंद केलं, दहा मिनिटं थांबलो. मनीफोल्ड कोमट राहिला की आटे जरा सैल होतात. चामड्याचे हातमोजे घातले तरी मनगटाला एक चटका बसलाच. मग सॉकेटला लांब दांडा, दांड्यावर जुन्या हँडपंपाचा पाइप चढवला. दाब वाढवत नेला, धक्का दिला नाही. काही क्षण काहीच नाही, आणि मग 'कर्रर्र' असा आवाज. माझं काळीज थांबलं. वाटलं, आटे गेले. पण सुटला होता. पाव फेरा सोडायचा, परत थोडा आवळायचा, स्प्रे मारायचा, पुन्हा सोडायचा, असं करत बाहेर काढला. आटे शाबूत.

नवा बसवताना तीन गोष्टी. नव्याच्या आट्यांवर कंपनीने आधीच राखाडी पेस्ट लावलेली होती, आपण आणखी थापायची नाही, आणि टोकाला तर बोटसुद्धा लावायचं नाही. सुरुवातीचे आटे हातानेच धरवायचे, सहज फिरत नसेल तर वाकडा चाललाय. आणि फिरवताना वायरसुद्धा बरोबर फिरू द्यायची, नाहीतर तिला पीळ बसतो आणि सहा महिन्यांनी ती आतून तुटते. माझ्याकडे टॉर्क रेंच (नेमक्या जोराने आवळायचा पाना) नाही, शेजारच्या वर्कशॉपमधून मागून आणला, ४० न्यूटन मीटर.

कोड पुसला. दिवा गेला. बायको म्हणाली, पाऊस थांबला वाटतं.

चहाबाज
वहिनींना साष्टांग नमस्कार 😂

स्टेपनी
घाटवळण, मस्त लिहिलंय. वाचनखूण साठवली.

एक भर घालते. माझ्या गाडीला गॅरेजवाल्याने 'युनिव्हर्सल' सेन्सर लावला होता, म्हणजे जुन्याचा कपलर कापून नव्याच्या वायरींना जोडायचा. वायरींचे रंग कंपनीनुसार वेगळे असतात हे त्याच्या गावीही नव्हतं. बॉशच्या चार वायरींत दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, राखाडी अर्थची. डेन्सोच्या बऱ्याच सेन्सरमध्ये हीटरच्या दोन काळ्या, सिग्नलची निळी आणि अर्थची पांढरी. त्याने पांढरीला पांढरी, काळीला काळी असं 'मॅचिंग' केलं. साडीला ब्लाउज शोधावा तसं! दिवा गेला नाहीच, वर दोन नवे कोड. शेवटी तयार कपलरवाला, गाडीच्या मॉडेलचाच सेन्सर घेतला.

आणि एक शंका, जोड करायचीच झाली तर सोल्डर करावी का?

लॅम्ब्डाकाका
स्टेपनीताई, नाही. या सेन्सरना तुलनेसाठी बाहेरची स्वच्छ हवा लागते आणि बऱ्याच सेन्सरमध्ये ती वायरीच्या पदरांमधून आत जाते. सोल्डर आणि त्याचा फ्लक्स त्या फटी बुजवतात. दाबून बसवायचे क्रिम्प वापरायचे आणि वर तापवून आकसणारी नळी. उसाचाफड यांच्यासारखं उंदराने खाल्लं असेल तर हेच. नुसता पीळ देऊन काळी टेप गुंडाळणं म्हणजे पुढच्या पावसाळ्याला निमंत्रण.

याच कारणाने कपलरमध्ये ग्रीस, स्प्रे भरू नका. सिलिकॉनचं तर सेन्सरशी हाडवैर. गॅस्केटच्या जागी स्वस्त सिलिकॉन लावतात ना, त्याची वाफ इंजिनातून सेन्सरवर पांढरा थर चढवते आणि मग तो कायमचा सुस्त. शिसंही असंच विष आहे. आपल्याकडे शिसंमुक्त पेट्रोल २००० साली सगळीकडे आलं ते फक्त फुप्फुसांसाठी नव्हतं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा) आणि हा सेन्सर दोघांनाही शिसं चालत नाही.

दगडीचाळ
इतकं कशाला? आमचा मेस्त्री सेन्सर काढतो, पेट्रोलमध्ये बुडवतो, तारेच्या ब्रशने घासतो, परत लावतो. ५०० रुपये. दोन गाड्यांचा दिवा गेला. तुम्ही लोक गुगल वाचून पैसे घालवता.

लॅम्ब्डाकाका
दिवा गेला, कारण त्याने कोड पुसला आणि कपलर काढून परत लावला. कपलरची पिन हलली, गंज सुटला, काम झालं. घासण्याने नाही. झिर्कोनियावर प्लॅटिनमचा पातळ थर असतो, तारेचा ब्रश तोच खरवडतो. तुमच्या मेस्त्रीला पुढच्या वेळी नुसता कपलर काढून परत लावायला सांगा. तेच फळ, ५०० वाचतील.

दगडीचाळ
मेस्त्री वीस वर्षं गाड्या बनवतोय.

चहाबाज
आणि ब्रश तोच आहे? (दिवा घ्या, म्हणजे गंमत समजा. चेक लाइट नव्हे, आपला नेहमीचा.)

नवशिक्या२२
काका, मला पी०१७१ आलाय. 'सिस्टीम टू लीन'. गॅरेजवाला म्हणतो ऑक्सिजन सेन्सर बदला. शिवाय तो म्हणतो हे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे. बदलू का? कॉलेजला आहे, बाबांची गाडी आहे, खिशात ४००० आहेत. 🙏

लॅम्ब्डाकाका
थांब. खिशातून एक रुपया काढू नकोस.

पी०१७१ म्हणजे सेन्सर बोंब मारतोय की धुरात ऑक्सिजन जास्त आहे. घरात धूर झाला म्हणून सायरन वाजला तर सायरन बदलतोस का? जास्त हवा कुठून येते ते शोध. इनटेकचा रबरी पाइप भेगाळलेला, व्हॅक्यूमची नळी निसटलेली, पेट्रोलचा दाब कमी, इंजेक्टर तुंबलेला, किंवा सेन्सरच्या आधी सायलेन्सरला भोक. भोकातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि बिचारा सेन्सर खरं तेच सांगतो.

ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (गाडीचे कोड वाचणारं छोटं यंत्र) कुणाकडून तरी उसना घे, फोनवर अ‍ॅप टाक आणि 'फ्युएल ट्रिम' बघ, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते. शॉर्ट आणि लाँग असे दोन आकडे असतात, दोघांची बेरीज कर. आयडलला बेरीज +२० असेल आणि २५०० आरपीएमला +५ वर येत असेल तर हवा गळतेय, पैज लावतो. आयडलला इंजिन हवा कमी घेतं, त्यात छोटी गळतीही मोठी ठरते. आरपीएम वाढला की तीच गळती मामुली होते. उलट आरपीएम वाढल्यावर बेरीज आणखी वाढत असेल तर पेट्रोल कमी पोचतंय, फिल्टर आणि पंप बघ.

ई२० बद्दल. इथेनॉलमध्ये वजनाने सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असतो. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, ई२० ला साधारण साडेतेरा. म्हणून ईसीयूला तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं आणि ट्रिम थोडा वर जातो. पण ई१० वरून ई२० ला आलं तर हा फरक चार-पाच टक्क्यांचा. निरोगी गाडी तो सहज पचवते. आधीच ट्रिम +१५ वर असलेल्या गाडीला मात्र उंटाच्या पाठीवरची काडी. म्हणजे गॅरेजवाल्याचं अर्धं बरोबर आहे, इलाज चुकीचा.

नवशिक्या२२
काका!!! आयडलला +२३, २५०० ला +६. एअर फिल्टरपासून येणाऱ्या नागमोडी पाइपच्या खालच्या घडीत भेग होती, वरून दिसतच नव्हती. वाकवल्यावर उघडली. नवा पाइप ६२० ला आला. बाबांना सांगितलेलं नाही, उरलेले पैसे पार्टीला.

लॅम्ब्डाकाका
पार्टी कर, पण बाबांना सांग.

टोरांटोतलाकोल्हापूरकर
घाटवळण, एका रविवारात काढलात, भाग्यवान आहात. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. माझ्या १२ वर्षांच्या गाडीचा मागचा सेन्सर काढताना सेन्सरबरोबर आटेच बाहेर आले, स्प्रिंगसारखे. मग १८ एमएमचा, दीड पिचचा टॅप मारून आटे साफ करावे लागले, तेही जेमतेम धरले. इथले लोक आटे सुटत नसले तर गॅस टॉर्चने भोवतालचं लोखंड लाल करतात. घरी करू नका, शेजारून पेट्रोलची लाइन जाते.

मागच्या सेन्सरबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. तो कन्व्हर्टरच्या पलीकडे असतो आणि बहुतेक कामात पहारेकरी. पुढचा नाचला पाहिजे, मागचा साधारण ०.६-०.७ व्होल्टला शांत बसला पाहिजे. तोही पुढच्यासारखा नाचायला लागला की कन्व्हर्टरने हाय खाल्ली, आणि कोड येतो पी०४२०. तो कोड बघून मागचा सेन्सर बदलणारे इथेही रग्गड आहेत. मी स्वतः त्यातलाच. 🙈

गॅसवरगाडी
माझी पिंपरीत सीएनजी किट बसवलेली गाडी. पेट्रोलवर सगळं छान, सीएनजीवर गेलं की दोन दिवसांत चेक लाइट, पी०१७२. किटवाला म्हणतो सेन्सर, सेन्सरवाला म्हणतो किट. मी मधे.

घाटवळण
काकांच्या आधी मीच उत्तर देऊन बघतो, चुकलं तर कान धरा. दोन्ही इंधनांना सेन्सर एकच. पेट्रोलवर तो नीट नाचत असेल तर गॅसवर अचानक बिघडत नाही. पी०१७२ म्हणजे रिच, म्हणजे गॅस जास्त जातोय. रिड्यूसरचा (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाचा) दाब आणि किटचं ट्यूनिंग तपासायला सांगा, लॅपटॉप लावून.

लॅम्ब्डाकाका
पैकीच्या पैकी. ट्यूनिंग करताना गाडी पेट्रोलवर आणि गॅसवर आलटून पालटून चालवून ट्रिम जवळजवळ सारखे येईपर्यंत सोडू नका त्याला.

स्टेपनी
घाटवळण, पीयूसीत काही फरक दिसला का? मला सेन्सर बिघडलेला असताना पीयूसी 'पास' मिळाली होती, म्हणून विचारते.

घाटवळण
तीन आठवडे झाले, म्हणून आता लिहायला हरकत नाही. गावातलं अ‍ॅव्हरेज १४.६. दिवा परत आलेला नाही. नव्या सेन्सरचा हीटर बसवायच्या आधी मोजला होता, सहा ओहमच्या वर काहीतरी.

पीयूसी मुद्दाम केली. बीएस४ पेट्रोलला आयडलवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम. माझं सीओ ०.०४ आलं. पण स्टेपनीताई, तुमचंही पास होणार होतंच. पीयूसीला गाडी नेईपर्यंत ती तापते, आणि तापली की हीटर मेलेला सेन्सरसुद्धा शहाण्यासारखा वागतो. आमच्या चिपळूणच्या फेरीसारखंच.

खर्चाचा हिशोब: सेन्सर ३,४५०, सॉकेट ७००, स्प्रे, हातमोजे मिळून ४००. शिवाय मनगटाला बर्नॉल. थ्रॉटल बॉडी मी उघडून बघितली, साफ होती.

उसाचाफड
घाटवळणराव, तो खाचवाला सॉकेट आता पडून असेल ना? माझ्या मेहुण्याच्या गाडीला पी०१३५ आलाय. या वेळी उंदीर नाही, वायरी बघितल्या. ओहम मोजले, मीटर ढिम्म. इस्लामपुरात आहे मी रविवारी.

घाटवळण
या की. कराड किती लांब आहे. पण इंजिन गरम करून आणू नका, तुम्ही पोचेपर्यंत ते असंही निखारा झालेलं असेल. चहा होईपर्यंत गाडी निवू द्या, मग बघू. टॉर्क रेंच मात्र शेजाऱ्याची आहे, रविवारी तो वर्कशॉप उघडतो का ते विचारून सांगतो.

चहाबाज
चहा होईपर्यंत म्हणालात? मी पण येतो.